पडण्याशी वैर धरलेले मामा

पडायला घाबरणारी म्हातारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण पडण्याशी उघड वैर धरलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच होऊन गेला आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. सख्खा नव्हे. नातं नीट उलगडून सांगायला बसलं तर समोरचा चहा गार होतो, म्हणून आम्ही नुसतं मामा म्हणत असू. बाकीच्या पिंप्राळ्याचे ते नाना. माझी जळगावला बदली झाली, आम्ही पिंप्राळ्यात दोन खोल्या घेतल्या आणि चार घरं सोडून मामा राहतात हे कळल्यावर हिला माहेर सापडल्यासारखं झालं. मला काय सापडलं ते पहिल्याच रविवारी कळलं. सकाळी दारात एक शिडशिडीत गृहस्थ उभे. अंगात पांढरा हाफशर्ट, खाली खाकी पँट, पायात कॅनव्हासचे बूट आणि चेहऱ्यावर गाडी सुटायची वेळ झाल्याची घाई. 'चला जावईबापू, पाय मोकळे करून येऊ,' म्हणाले. मी निघालो. रेल्वे फाटकापर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग एकाएकी, माझा एक पाय गटारावरच्या फरशीवर असताना, मामांनी विचारलं, 'तुमच्या आत्याच्या नणंदेचा भाऊ तुमचा कोण?' मी थांबलो. आत्या डोळ्यांसमोर आणली, तिची नणंद आणली, नणंदेच्या भावापर्यंत पोचणार तोच मामांनी माझ्या कानाशी 'टिंग!' असा आवाज केला. 'थांबले तुम्ही. चाळिशीतच थांबले. म्हातारपणी जपा.' उत्तर काय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन मीच हिला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, 'आत्याचा नवरा, नाहीतर तिचा दीर. त्यात काय एवढं?' हे मामांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. 'बघा, हात चालू ठेवून बोलली. ती नाही पडायची,' म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात माझी पत जी उतरली ती उतरलीच.

मामा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी जळगाव-धुळे आणि धुळे-पिंपळनेर या रस्त्यांवर उभ्यानं झालेली. त्या नोकरीतून त्यांनी एक शास्त्र काढलं होतं आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातला चहा घशाखाली जात नसे. माणूस पायानं पडत नाही, डोक्यानं पडतो, हे त्या शास्त्राचं सार. चालत्या गाडीत दोन्ही हातांनी दांडी धरून उभा असलेला धट्टाकट्टा जवान प्रत्येक खड्ड्याला शेजारणीच्या टोपलीत जातो, आणि कंडक्टर? काखेत तिकिटांचा ट्रे, हातात पंच, तोंडानं एकाशी भांडण, दुसऱ्याला सुट्ट्या पैशांची ताकीद, डोळा मागच्या दारावर, आणि तरीही तो अंगणात फिरावं तसा पुढून मागं फिरतो. का? तर त्याच्या डोक्याला एका वेळी दोन कामांची सवय असते. 'पाय आपोआप चालतात म्हणतात ना, ते साफ खोटं,' मामा बशी खाली ठेवून सांगत. 'पायालासुद्धा थोडं डोकं लागतं. तरुणपणी डोकं शिल्लक असतं, समजत नाही. म्हातारपणी पुरत नाही. कुणी काही विचारलं की म्हातारा होतं तेवढं सगळं डोकं तिकडं देतो, पायांना काही उरतच नाही. मग थांबला तो वाचला आणि नाही थांबला तो पडला.' म्हणून चालताना बोलायला लागलं की जो थांबतो, त्याच्यावर त्यांची करडी नजर. यावर इलाज एकच. चालता चालता डोक्याला काम देत राहायचं, रोज द्यायचं, वाढवत न्यायचं. पहिलवान जोर काढतो तसे मामा डोक्याकडून जोर काढून घेत.

या शास्त्रापायी सगळं जळगाव त्यांनी तपासून पाहिलं असेल. रस्त्यानं कुणी पांढऱ्या केसांचा माणूस चाललेला दिसला की मामा सहज जवळ जात, पावलाला पाऊल जुळवत आणि प्रश्न टाकत. 'काय बाबा, परवा कोणता वार होता?' म्हातारा थांबला की मामांचा चेहरा पडे. चालत राहिला तर 'टिंग टिंग' करून त्याला पुढे सोडत. एका लग्नाच्या वरातीत त्यांनी माझी लाज पुरती काढली. वरातीच्या पुढे नवरदेवाचे आजोबा, डोक्याला भला थोरला फेटा, हळूहळू चाललेले. मामा त्यांच्या शेजारी पोचले आणि विचारलं, 'आजोबा, तुमच्या आजीचं माहेर कोणतं?' आजोबा भर रस्त्यात उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून बँडवाले उभे राहिले, बँड थांबला म्हणून घोडा थांबला आणि घोड्यामागे एस.टी.ची गाडी हॉर्न वाजवत उभी राहिली. आजोबांनी शांतपणे आजीचं माहेर सांगितलं, त्या गावची नदी सांगितली, नदीकाठच्या वांग्यांची चव सांगितली, त्या वांग्यांचं भरीत कोणाच्या लग्नात झालं होतं ते सांगितलं. मामा कळवळून म्हणाले, 'यांना एकटं सोडू नका हो.' मुलीकडचे लोक माझ्याकडे पाहून हा माणूस कोण असं विचारत होते, तेव्हा मी पानाच्या दुकानाकडे पाहत होतो.

लोकांना ही नुसती हौस वाटायची. हौस नव्हती. मामी वारल्यावर मुलगा त्यांना सुरतेला घेऊन जायला आला होता. एकुलता एक, तिथल्या कापडाच्या कारखान्यात चांगल्या जागेवर, स्वभावानं गरीब. मामा जाईनात. 'मी इथं एकटा कुठं आहे? सगळं पिंप्राळं आहे,' म्हणाले. मुलानं रडून पाहिलं, सुनेनं हात जोडून पाहिलं. शेवटी असं ठरलं की जोवर नाना पडत नाहीत तोवर त्यांनी इथं राहावं. एकदा जरी पडले तरी मुलगा येईल आणि मग नानांचं काही चालणार नाही. मामांनी हो म्हटलं. तेव्हापासून त्यांचं सगळं आयुष्य उभं राहण्यावर येऊन टेकलं होतं. आपलं घर, दारातला पेरू, कोपऱ्यावरचा पेपरवाला, मामींची चूल होती ती जागा, हे सगळं एका पावलाच्या चुकीवर होतं. एस.टी.डी. बूथवर मुलाचा फोन येई. तब्येत, पाणी, पाऊस यांच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला: 'नाना, पडले नाहीत ना?' मामा छाती काढून म्हणत, 'उभ्यानं बोलतोय!'

मामींचं काय झालं ते मला त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. ते एकदा धुळ्याच्या गाडीत सांगितलं. माझं धुळ्याला कचेरीत काम होतं, तर मामा 'मीही येतो, जुने लोक भेटतील' म्हणून निघाले. गाडी अर्धी रिकामी, पण मामा उभे. कंडक्टर तरुण पोरगा. तो दोनदा म्हणाला, 'बाबा, बसा ना, जागा आहे.' मामा म्हणाले, 'पोरा, मी बसलो की डोकं झोपतं.' पाळधी गेलं, एरंडोल गेलं. पारोळ्याच्या अलीकडे ते दांडीला हात न लावता माझ्या सीटपाशी उभे राहून बोलायला लागले. त्या सकाळी मामी मागल्या दारी कपड्यांची बादली घेऊन चालल्या होत्या. मामा आतल्या खोलीत. चष्मा सापडेना. रोजच सापडत नसे आणि रोजच मामींनाच ठाऊक असे. त्यांनी आतून हाक मारली, 'अगं, माझा चष्मा कुठं आहे?' मामी उत्तर द्यायला वळल्या. चौकटीवरच आहे, एवढं त्यांनी सांगितलं, आणि पडल्या. खुब्याचं हाड गेलं, मग अंथरूण, मग काही महिन्यांत सगळंच आटोपलं. 'मी काहीच विचारलं नसतं तर ती आजही असती,' मामा म्हणाले. 'नाहीतर मग रोज विचारायला पाहिजे होतं. चालताना, पाणी भरताना, जिना चढताना. सवय झाली असती तिला. मी सगळ्या गाडीशी बोलायचो आणि घरी येऊन गप्प बसायचो.' एवढं बोलून ते माझ्या शेजारी सीटवर बसले.

या शास्त्राचा मामांनी म्हाताऱ्यांसाठी रोजचा वर्गच काढला होता आणि तो भरायचा आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर. कोणीतरी घर बांधायला म्हणून खडीचा ढीग टाकून ठेवला होता आणि घर काही उठत नव्हतं, त्यामुळे चढउतार आयताच मिळाला होता. येणारे-जाणारे बरेच, पण खरे विद्यार्थी दोन. एक आबा, पाचोऱ्याकडचे कापसाचे मोठे शेतकरी, शेती मुलांवर सोपवून जळगावला येऊन राहिलेले. दुसऱ्या अक्का, रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या, मुलाच्या नोकरीमुळे पिंप्राळ्यात आलेल्या. आबांची अडचण अशी की त्यांना उभ्या आयुष्यात कुणी चालताना प्रश्न विचारलाच नव्हता. प्रश्न आला की ते आधी थांबणार, टोपी नीट करणार, घसा साफ करणार, आजूबाजूला ऐकायला माणसं आहेत ना ते पाहणार आणि मग बोलणार. अक्कांची तऱ्हा बरोबर उलटी. त्या बोलताना कधीच थांबत नसत, कारण त्या बोलायच्याच कधी थांबत नसत. मामा त्यांना पहिला नंबर देत आणि आबा त्यावर खट्टू होत.

मामांच्या कसरती एकाहून एक असत. पारोळ्यापासून साक्रीपर्यंतचे थांबे उलटे म्हणत खडीला वळसा घालायचा. भरलेला पेला हातात घेऊन नात्यांची कोडी सोडवायची. मामांनी उजवीकडे बोट केलं की डावीकडे वळायचं. सगळ्यात अवघड कसरत म्हणजे त्यांनी 'जळगाव' म्हटलं की चालायचं आणि 'धुळं' म्हटलं की थांबायचं. आणि हे एकदा अंगवळणी पडलं की मामा सगळं उलटं करून टाकत. त्या दिवशी प्लॉटवर जो गोंधळ उडे तो पाहायला कॉलनीतल्या बायका निवडायचं सूप घेऊन ओट्यावर येत. आबा 'जळगाव' म्हटल्यावर निघत, अर्ध्यात आठवे, थांबत, पुन्हा निघत. अक्का चालता चालताच कमरेवर हात ठेवून म्हणत, 'काय व नाना, सकायी जयगाव चालू होतं अन् आता कायले बंद पाडलं?' मामा म्हणत, 'अक्का, बंद पाडायला शिकणं हेच तर खरं शिक्षण आहे. निघालेला पाय डोक्यानं धरता आला पाहिजे.' आठवडे बाजाराच्या दिवशी वर्ग बाजारात जाई. गर्दीतून कुणाला धक्का न लावता चालायचं आणि परत येताना सांगायचं, भरताची वांगी घेऊन बसलेल्या बाईच्या शेजारी कोण होतं, मिरच्यांच्या पलीकडे काय होतं. अक्कांना बाजार पाठ होई. आबांना फक्त शेवभाजीचा वास आठवे.

आमच्या घरालाही यातून सुटका नव्हती. ही चहाचा ट्रे घेऊन उंबरा ओलांडायला लागली की मामांचा प्रश्न तयार. एकदा कपबश्यांचा सेट गेला. मामा दुसऱ्या दिवशी नवा सेट घेऊन आले आणि नव्या सेटवरही तोच प्रयोग केला. मग मी त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, म्हटलं कुणीतरी शहाण्या माणसानं समजावावं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, म्हणाले, 'नाना, चालताना डोकं जागं ठेवा, चांगलंच आहे. पण डोळे तपासून घ्या, बुटांचे तळ घासलेत ते बदला आणि मोरीत धरायला एक दांडी बसवा.' मामांनी सगळं केलं. बूट आणले, चष्मा बदलला, गवंडी बोलावून दांडी बसवली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातला. 'डॉक्टर चांगले आहेत,' म्हणाले, 'फक्त त्यांनी कधी एस.टी.त तिकीट फाडलेलं नाही.'

आबांनी पहिल्यांदा न थांबता उत्तर दिलं तो दिवस मला अजून आठवतो. सकाळचं ऊन होतं, वर्ग रस्त्यावरून चालला होता. मामांनी विचारलं, 'आबा, तुमच्या थोरल्या बैलाचं नाव काय होतं?' आबांच्या पायांनी थांबायची तयारी केली, हात टोपीकडे गेला आणि काय झालं कोण जाणे, पाय थांबले नाहीत. चालता चालता आबा बोलले. बैलाचं नाव सांगितलं, त्याचा रंग सांगितला, तो पोळ्याला कसा रुसायचा ते सांगितलं आणि तसेच बोलत बोलत एका उभ्या स्कूटरवर जाऊन आदळले. स्कूटर पडली. आबा उभे होते. मामांनी त्यांना मिठी मारली, स्कूटरवाल्याची माफी मागितली आणि कॉलनीला शेव वाटली. 'स्कूटर पडली, आबा नाही पडले,' हे वाक्य ते पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते. त्या दिवसांत मामा आनंदात होते. सकाळी वर्ग, दुपारी त्यावर चर्चा, संध्याकाळी आमच्याकडे चहा. घरी परतताना मात्र त्यांची चाल मंदावे. कुलूप उघडून ते आत जात आणि दिवा लागायला बराच वेळ लागे. ही खिडकीतून पाहत उभी राही आणि दिवा लागला की पडदा ओढी.

पुढे माणसं कमी होत गेली. आबा एका हिवाळ्यात गेले, झोपेत गेले. मामा तिरडीमागून सगळ्यांना सांगत होते, 'पडून नाही गेला. लक्षात ठेवा, माझा आबा पडून नाही गेला.' मग अक्कांच्या मुलाची बदली झाली. सामानाचा ट्रक भरला तरी अक्का बोलतच होत्या. ट्रकमागच्या रिक्षात बसताना म्हणाल्या, 'नाना, आता मले कोन इचारीन?' आणि मग मलाच धुळ्याला बदलीचा हुकूम आला. निरोप घ्यायला गेलो तर मामा म्हणाले, 'जा, जावईबापू. धुळं चांगलं आहे. रस्ते सरळ आहेत, पडायची भीती कमी.' आम्ही निघालो तेव्हा ते पेरूखाली उभे होते. हिनं रडून घेतलं, मी धुळीमुळे डोळे चोळतोय असं दाखवलं. खोटं कशाला बोला, मलाही फार वाईट वाटलं होतं.

धुळ्याला आम्ही रमलो. मामांचा एकट्याचा वर्ग पिंप्राळ्यात चालू होता. पण प्रश्न विचारायला दुसरं माणूस लागतं आणि ते तर उरलं नव्हतं. नवीन राहायला आलेले लोक घड्याळ बघत चालणारे. त्यांना कुणी आजीचं माहेर विचारलेलं आवडत नसे. म्हणून मामांनी आपली सोय आपणच केली. ते स्वतःच प्रश्न विचारायला लागले आणि स्वतःच उत्तर द्यायला लागले. मोठ्यानं. प्रश्नाचा आवाज कंडक्टरचा आणि उत्तराचा पॅसेंजरचा. त्यातही पॅसेंजर बदलत. कधी ते आबांसारखा घसा साफ करत, कधी अक्कांसारखं कमरेवर हात ठेवून भांडत. चूक झाली की स्वतःला रागावत, बरोबर आलं की 'टिंग टिंग' करत. आणि हे सगळं भर रस्त्यातून, झपझप चालत. पाय एकदम पक्के. एकदाही अडखळले नाहीत. कॉलनीनं मात्र काय पाहिलं? एक एकटा म्हातारा हातवारे करत स्वतःशी भांडत फिरतो. पोरं मागे लागली, बायका दार लावून घ्यायला लागल्या. कुणीतरी चांगल्या मनानं, काळजीपोटी, सुरतेला फोन केला की तुमच्या वडिलांच्या डोक्यावर परिणाम झालाय, येऊन घेऊन जा.

मुलगा आला. त्यानं जळगावहून मला फोन केला म्हणून मीही पहिल्या गाडीनं गेलो. मामा ओट्यावर उभे होते, मुलगा समोर मान खाली घालून. मामांची शहरी भाषा पार गेली होती, धुळ्याकडची लहानपणची बोली बाहेर आली होती. 'मी पडनू का? एकदाबी पडनू का? सांग ना! आपलं काय ठरेल व्हतं?' मुलगा म्हणाला, 'नाना, तुम्ही पडला नाहीत. पण तुम्ही एकटेच बोलता.' 'मग कोनासंगे बोलू?' मामांनी विचारलं. मी मुलाला बाजूला घेऊन सगळं शास्त्र समजावलं. कंडक्टर, दोन कामं, डोक्याचे जोर. त्यानं ऐकलं. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, 'भाऊजी, तुमचं खरं असेल. पण मी तिकडं फोनवर बसलेला असतो, आणि इथले लोक मला असं असं सांगतात. मी काय करू?' त्याचंही चुकत नव्हतं. डोकं चाललं नाही तर माणूस पडतो असं मामा म्हणायचे आणि डोकं जरा जास्तच चालताना दिसलं म्हणून त्यांना न्यायला माणूस आला होता. दुपारपर्यंत मामांनी वाद घातला आणि मग एकदम सोडून दिला. स्वतःच कपडे भरले. सुरतेच्या पॅसेंजरमध्ये चढताना त्यांनी कुणाचा हात धरला नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कामानिमित्त सुरतेला जाणं झालं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, चकचकीत फरशी. सून गुणी. तिनं मामांची इतकी बडदास्त ठेवली होती की त्यांना हलायचं कारणच उरलं नव्हतं. चहा खुर्चीत, पेपर खुर्चीत, जेवण खुर्चीत. ते उठायला लागले की घरातलं कुणीतरी धावे, 'नाना, काय पाहिजे? बसा, मी देते.' नातवंडं गोड होती, पण एकमेकांत गुजराती बोलत आणि पारोळा हे गावाचं नाव आहे की माणसाचं याचा त्यांना पत्ता नव्हता. मामा वजनानं थोडे वाढले होते. खाकी पँट जाऊन पायजमा आला होता. मी 'कसं काय मामा?' म्हटलं तर ते माझ्याकडे पाहून हसले, इथं सगळं छान आहे असा घरभर हात फिरवला आणि म्हणाले, 'आठे बठ्ठं बेस शे, जावईबापू. पन कोनी काही इचारत नही.'

थोड्या वेळानं मी म्हटलं, चला, पाय मोकळे करू. सून म्हणाली, गच्चीवर नको, बाहेरच्या पॅसेजमध्ये फिरा, आणि भाऊजी, हात धरा त्यांचा. पॅसेज लांब होता, दोन्ही बाजूंना बंद दारं. मामांनी दाराबाहेर पडल्याबरोबर माझा दंड धरला. सुनेनं सांगितलं म्हणून नव्हे; त्यांना तो खरंच लागत होता. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर चाललो, पण त्यांच्या हाताचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चार पावलं गेल्यावर ते हळूच म्हणाले, 'परवा पडनू मी.' मी थबकलोच. न्हाणीघरात पडले होते. फार लागलं नव्हतं, कोपर खरचटलं होतं, बाही खाली ओढून ठेवली होती. आपलं आपण उठले, कुणाला कळू दिलं नाही. मी म्हटलं, 'मामा, सांगायला नको का?' तर ते हसायला लागले. मोकळं, पहिल्यासारखं हसले. 'काब्र सांगू? पडनू ते सुरतले लई जाईन, असं म्हणे तो. आते सुरतथून कोठे लई जाई?'

पडलात तर सुरतेला नेईन म्हणायचा, आता सुरतेहून कुठं नेणार, हा त्यांचा विनोद; मला काही हसता आलं नाही. त्यांचं सांत्वन कसं करावं ते मला समजेना. मी त्या बाबतीत तसाही कच्चाच आहे. मग जे सुचलं ते विचारलं. चालता चालताच विचारलं, 'मामा, मामींचं माहेर कोणतं हो?' 'पिंपळनेर,' ते म्हणाले, आणि त्यांचा पाय जरा नीट पडला. पिंपळनेरच्या गाडीवर ड्युटी होती तेव्हाच सोयरीक कशी जमली ते त्यांनी सांगायला घेतलं. होणारा सासरा रोज शेवटच्या थांब्यावर उतरून जावयाकडे कसा निरखून पाही आणि जावई सगळ्यांसमोर त्याच्याकडे सुट्टे पैसे कसे मागे, ते सांगितलं. पॅसेज संपला, आम्ही वळलो. मी मधे मधे विचारत होतो, मग काय झालं, मग त्या काय म्हणाल्या, आणि ते सांगत होते, आणि आम्ही त्या बंद दारांसमोरून पुन्हा पुन्हा फिरत होतो. कुठल्याशा फेरीत माझ्या दंडावरचा त्यांचा हात सुटला. ते मला कळलं, त्यांना कळलं नाही. मामांच्या गोष्टीतली वरात गावात शिरत होती तेव्हा आतून सुनेची जेवायला हाक आली. ती दोनदा आली. आम्ही दोघांनीही ओ दिली नाही.